बाबांच्या अक्षराचं पॅकेज

१२ ऑगस्ट २००७, हिंगोली

झालं! लिनक्सवाल्यांकडून माझ्या फॉन्टचं पॅकेज परत आलं. फॉन्ट चांगला आहे म्हणे, पण अक्षरं ज्याच्या हातची, त्याची लेखी परवानगी कुठाय? लिनक्समध्ये, त्या फुकट मिळणाऱ्या कॉम्प्युटर सिस्टीममध्ये, सगळ्यांसाठी घालायचा तर ती लागतेच.

अक्षरं बाबांची. कुरुंद्यात, वसमतला त्यांनी रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढून एकेक अक्षर मी कॉम्प्युटरवर गिरवलं. त्यांना न सांगता. सांगणार कसं? बालाजीशी कोर्टात लग्न केलं तेव्हापासून बोलतच नाहीत माझ्याशी.

१५ ऑगस्ट

बालाजी म्हणतो, "दुसऱ्या कुणाची अक्षरं घे न." काहून घेऊ? फ्लेक्स आल्यापासून बाबांच्या पाट्या उतरून राहिल्यात. पाटी गेली की अक्षर गेलं. मला ते जाऊ द्यायचं नाही. बस!

१६ ऑगस्ट

भावाच्या, प्रमोददादाच्या हाती परवानगीचा कागद पाठवला. तसाच परत! वर बाबांचा निरोप — "सही पाहिजे तर सोता ये म्हणावं."

१९ ऑगस्ट

माहेरी गेले. आईनं पाणी दिलं. बाबा भिंतीकडं तोंड करून. अक्षरांचा छापील कागद पुढं ठेवला. त्यांनी लई वेळ पाहिला. मग — "हा 'ळ' माझा न्हाई."

खरंच नव्हता! त्या पाटीचा रंग उडालेला, मी अंदाजानं भरला होता. बाबांनी ब्रश घेतला, एका दमात 'ळ' काढून दिला.

"कुणीबी बदलील हे?"

"व्हय. पण बदललं तर त्याला दुसरं नाव द्यावं लागतं, बाबा."

परवानगीच्या कागदावर खाली पॅकेज करणारीचं नाव — सरिता बालाजी. त्यावर बोट ठेवून बाबा थांबले. मग सही केली. "चहा पिऊन जा." एवढंच बोलले. परतताना एसटीत मी रडले. लोक पाहत होते. पाहू दे!

२ सप्टेंबर

घेतलं! लिनक्सवाल्यांनी पॅकेज घेतलं! आता कुणीही बाबांच्या अक्षरात लिहावं. लगेच बाबांना फोन केला. आईनं उचलला — "ते घरी न्हाईत." मला टाळलं असणार. वाईट वाटलं, खूप.

३ सप्टेंबर

घरमालकीण रूपाबाई ओरडून राहिल्या म्हणून पळत बाहेर आले. शिडीवर बाबा! लग्नघराच्या भिंतीवर लिहितात तसं, आमच्या भिंतीवर निळ्या रंगात — मंगल परिणय. सरिता. बालाजी.

"अहो, लग्न कवाच झालं यांचं!" रूपाबाई.

"झालं असंल," बाबा म्हणाले. "माझ्या हातचं राह्यलं व्हतं."