ज्ञानदाची क्रीम आणि माझा डावा हात

८ डिसेंबर
आजपासून माझा डावा हात कंपनीच्या मालकीचा! कंपनी म्हणजे माझी नणंद ज्ञानदा, आमच्या समता कॉलनीतल्या घराची मागची खोली आणि गॅसवर ठेवलेली दोन पातेली. कोपराखाली एक कोरडा, फिकट डाग आहे. ज्ञानदा खूश. "वहिनी, हाच आपला 'आधी'चा फोटो! महिन्यानं 'नंतर'चा काढू." चला — लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर सासरी माझं काहीतरी आवडलं.

१० डिसेंबर
आज शिकवणी. कातडी म्हणजे विटांची भिंत. मधलं सिमेंट म्हणजे चरबी — सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी अ‍ॅसिड. थंडीत ते झडतं, आपण बाहेरून भरायचं. सासूबाईंनी एकच शब्द पकडला. "कोलेस्टेरॉल? त्यापायी डॉक्टरनं यांचं तूप बंद केलं, अन् तुम्ही तोंडाले लावून राहिल्या?"
अख्ख्या कंपनीत तेवढाच एक शहाणा प्रश्न.

१५ डिसेंबर
सेरामाइड ज्ञानदा चिमटीनं घालते, देवाला अक्षता वाहाव्यात तसं. डबीवर मात्र नाव केवढं ठळक!

२२ डिसेंबर
डाग जागच्या जागी. म्हणून आता लॅनोलिन — मेंढीच्या लोकरीतून निघते ती चरबी. सासूबाईंनी देवघर बंद केलं माझ्यासाठी. नवरोबा स्वानंद रात्री तोंड फिरवून झोपले. "बकरीचा वास येऊन राहिला तुह्या हाताले." काय तो संसार!

ज्ञानदा मात्र हट्टाला पेटलीये. रोज हात ओढून बघते. "गया क्या? थोडा तो गया ना?" गिऱ्हाइकासाठी कुणी एवढं रडकुंडीला येतं?

२ जानेवारी
क्रीमसाठी मेण वितळवत होतो. उकळता थेंब नेमका डागावर पडला. ज्ञानदा किंचाळली.
मी नाही. मला कळलंच नाही.

५ जानेवारी
डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगितले. "कापूस लागला की बोला." मी वाट बघत बसले. शेवटी विचारलं, सुरू कधी करणार? त्या म्हणाल्या, "तीनदा फिरवला."
कुष्ठरोग. सिमेंटचा दोष नव्हता, आत वायरिंग जळत होती! पूर्ण बरा होतो म्हणाल्या, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट. घरच्यांनाही तपासून घ्या म्हणाल्या.
येताना रिक्षात हात पदराखाली लपवला. कुणापासून, देव जाणे.

६ जानेवारी
ज्ञानदाला सांगितलं. वाटलं, आता ही चार हात लांब पळणार. ती उठली, दाराची कडी लावली, पाठमोरी झाली आणि कुर्ता वर केला. कमरेवर दोन फिकट डाग.
"दो साल से है, वहिनी. कोणाले दाखवू? म्हणून तर क्रीम बनवायले लागली मी."