रिकामा डबा पाठवा

बाई, जामबागेतल्या तुमच्या बालवाडीत मी दोन वर्षं होते आणि सुरुवातीला मी डबा खात नसे. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. आईने जेवताना ते सांगितलं. आता मी याच शहरातल्या हिमायतनगर भागात एका पाळणाघरात लहान मुलांच्या जेवणाचं नियोजन करते. आहारशास्त्र शिकले आहे. दीड वर्षाच्या मुलाला डाळ किती द्यायची, द्राक्ष उभं चिरायचं की आडवं, सकाळचा भात दुपारी चालेल का, हे मला विचारतात आणि मला ते येतं. मराठी लिहायची सवय मात्र सुटली आहे. चुका असतील.

डब्याची सुट्टी झाली आहे. सतरंजीवर आम्ही गोल बसलो आहोत, तुम्हीही मांडी घालून आमच्यातच. माझ्या डब्यात तूप-गूळ लावलेली पोळी आहे. मी झाकण उघडते, बघते आणि पुन्हा लावते. शेजारणीच्या डब्यात पुलिहोरा आहे, चिंचेचा पिवळा भात, आणि माझे डोळे तिथे. तुम्ही बरेच दिवस नुसतं पाहिलंत. मग एकदा आई न्यायला आली तेव्हा दारातच म्हणालात, "उद्यापासून डबा रिकामा पाठवा."

आई हसली. तुम्ही हसत नाही हे तिच्या उशिरा लक्षात आलं. "अहो बाई, लोक म्हणतील, यांच्या घरात दाणा नाही."

"म्हणू द्या की. जेवायचंय पोरीला, लोकांना नाही."

दुसऱ्या दिवशी माझा रिकामा डबा गोलातून फिरला. प्रत्येकाने एकेक घास टाकला: पुलिहोरा, इडलीचा तुकडा, कुणाची खिचडी, तुमची भाकरी. मी सगळं खाल्लं. आई रोज तो रिकामा डबा पुसून, घट्ट झाकण लावून द्यायची, जणू आत काही सांडण्यासारखं आहे. एकदा मी पुरी आणलेल्या मुलाकडे दुसऱ्यांदा डबा नेला तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. "एकाचा एकच घास. त्याला भूक नाही का?" ती बोलणी मला अजून लागतात, म्हणून लिहिलं.

आमच्या पाळणाघरात एक मुलगी होती, अजून तीन वर्षांची नव्हती. तिची आई कोठी भागातल्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. वडील बरोबर राहत नाहीत. मुलगी सकाळी यायची, खेळायची, आणि जेवायला बसवलं की ताटलीकडे पाहून हात मागे घ्यायची. मात्र शेजारच्याच्या ताटलीत हात घालायची. आमच्या आयाने आधी थट्टा केली, "इस्को दूसरे की प्लेट में बिर्यानी दिखती, मॅडम." मग तीही थट्टा करेनाशी झाली, कारण मुलीचं वजन उतरायला लागलं होतं.

मी माझ्या परीने सगळं केलं. शेजारच्या मुलाला जे, तेच तिला वाढलं. ताटली त्याच्याच रंगाची दिली. जागा बदलली. भात मऊ केला, मग मोकळा केला, मग हातात धरता येतील असे मुटके केले. आया रोज तिच्यासमोर बसून तेलुगू-मराठी मिसळून म्हणायची, "तिनु, बंगारम, खा गं सोन्या, एक घास खा." ती तोंड फिरवायची. माझ्या नियोजनात कुठे चूक नव्हती. त्या मुलीला पदार्थ नको नव्हता, आपली एकटीची ताटली नको होती. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि कळून उपयोग नव्हता.

कारण एकाने दुसऱ्याच्या ताटलीतलं खायचं नाही, हा आमच्याकडचा नियम मीच केला आहे. मागच्या वर्षी एका मुलाने शेजारच्या ताटलीतली पल्लीची चटणी बोटाने चाटली. शेंगदाणा, इतकाच. बघता बघता त्याचे ओठ सुजले, श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. रिक्षात तो माझ्या मांडीवर होता. तो वाचला. शेंगदाणा मी तेव्हाच बंद केला, पण आज एकाला दूध चालत नाही, एकाला अंडं, आणि तोंडात फोड आलेल्या एकाच्या उष्ट्याने सगळा वर्ग आजारी पडतो. तुमच्या गोलात आमच्यातल्या कुणाला काही झालं नाही. ती तुमची हुशारी होती की आपलं नशीब, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही असतात तर हेच विचारलं असतं.

तिची आई गेल्या आठवड्यात माझ्यासमोर बसली. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा काय करू."

"घरी कशी जेवते?"

"माझ्या ताटात. वेगळं वाढलं की तशीच बसते." मग तिने पर्सचा बंद दोनदा गुंडाळला. "नांदेडला आईकडे ठेवते. तिकडे सगळे एका परातीभोवती बसतात, तिथं खाईल. मला महिन्यातून एकदा जाता येईल. इथं ती खायला लागली असती तर नसती पाठवली." मी थोडे दिवस थांबा म्हणू शकले नाही. थांबून काय करणार होते, ते मला माहीत नव्हतं.

काल तिचा शेवटचा दिवस होता. दुपारी बाकीची मुलं झोपली आणि आयाने तिला माझ्या खोलीत आणून सोडलं. मी डबा उघडला होता, दहीभात. ती खुर्चीला टेकून उभी राहिली. मी कपाटातून एक धुतलेली वाटी काढली आणि रिकामीच तिच्यासमोर ठेवली. ती वाटी घेऊन तिने माझ्यापुढे धरली. मी एक घास टाकला. तिने खाल्ला आणि वाटी परत पुढे केली. एक घास तिला, एक मला, असं करत डबा संपला.

संध्याकाळी तिच्या आईने विचारलं, "आज काही खाल्लं का हो?"

मी म्हणाले, "ताटलीतलं नाही."

हे अक्षरशः खरं होतं. पुढचं सांगितलं तर ती मुलीला इथेच ठेवून घेईल, आणि सोमवारी सगळ्या मुलांच्या देखत मला तेच करावं लागेल, हे दिसत होतं. तुम्हाला ते जमायचं. मला जमलं नसतं. त्या दोघी फाटकाबाहेर गेल्या, मुलीने मागे वळून पाहिलं नाही.

हे मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या घरच्यांनाही नाही. रात्री डबा घासायला काढला तर आत काही नव्हतं. एरवी मी तो अर्धा भरलेला परत आणते, बाई. अजूनही.