उजवी दाढ, डावा गाल

३ ऑगस्ट, सकाळी
डेंटल कॉलेजच्या होस्टेलात बंद. आम्ही बारा जण. प्रयोग करणाऱ्या स्वाती मॅडमनी उजव्या दाढेच्या खाचांत नवं सीलंट भरलं. दाढ किडू नये म्हणून असतं. चौदा दिवस रोज लाळ द्यायची. ती लॅबमध्ये काचेच्या बशीतल्या जिवंत पेशींवर टाकतात. पेशी जगल्या तर माल सुरक्षित, मग भामरागडच्या आश्रमशाळेतल्या पोरांना लावणार. नियम दोन: गेटबाहेर जायचं नाही, खर्रा बंद, म्हणजे तंबाखू-सुपारी काहीच नाही. चौदा दिवस काढले की मला सॅम्पलपेटीची नोकरी, गावोगावच्या लाळेचे नमुने पेटीतून लॅबला आणायचे. अहेरी, भामरागड, बुडाखाली बाईक, पेट्रोल त्यांचं! खर्रा आजपासून सुटला. कायमचा.

दुपारी ४
खिडकीखाली इतवारीभाऊचा पानठेला आहे. नुसती नोंद.

५ ऑगस्ट
नीट विचार केला. सीलंट उजवीकडे. खर्रा डाव्या गालात ठेवला तर प्रयोगाला धक्का नाही. इतवारीभाऊ खालून म्हणाला, "विक्की, दोरी सोड. कोनाले नाई सांगत." खर्ऱ्याची पन्नी वर आली.
रूममेट शहबाज म्हणाला, "काऊन बे, लाळेले डावं-उजवं समजते का?" यावर विचार करणार होतो. पण तेलुगू शिकायला घेतली, फिरतीत सिरोंचा लागेल, तिकडे तेलुगूच चालते. तीनपर्यंत आकडे आले.

९ ऑगस्ट
मॅडमनी मायक्रोस्कोपमधून दाखवलं. अकरा जणांच्या पेशी मस्त. माझ्या बशीत सगळ्या मेलेल्या. माझी लाळ मुळात स्ट्राँग असावी. तेलुगू सोडली.

१२ ऑगस्ट
मॅडम दोन दिवस जेवल्या नाहीत. तीन वर्षांचं काम. म्हणाल्या, "एकाच्या तोंडात जरी विष होत असेल, तर लेकरांच्या दाढेत कसं भरू?" सीलंटचे डबे परत पाठवायला बांधून राह्यल्या. शहबाज म्हणाला, "तू सांगतो का मी सांगू?" उद्या सांगणार. सकाळीच.

१३ ऑगस्ट
धीर यावा म्हणून आधी थोडा खर्रा टाकला. मॅडमसमोर उभा राहिलो तर बोलता येईना, तोंड भरलेलं. शेवटी डाव्या गालातला हातावर काढून दाखवला. मॅडम म्हणाल्या, "विक्की, आत्तापण?" मग खाली बसल्या आणि डब्यांच्या सुतळ्या सोडायला लागल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

१७ ऑगस्ट
अकरा जण सुटले. सॅम्पलपेटी शहबाजला मिळाली. भामरागडच्या रस्त्यावरचा पूर ओसरला, तो बाईकवरून तिकडे गेला. गेटातून हात केला. म्हणाला, "तुले तीन आकडे येते ना, दिवस मोज."
माझे चौदा दिवस आजपासून पुन्हा. इतवारीभाऊच्या बाजूच्या खिडकीला जाळी ठोकली. खर्रा सुटला. कायमचा.
संडासाच्या खिडकीला जाळी नाही. नुसती नोंद.