गोगलगाईच्या पुस्तकावरचे नाव

मी, मिलादा कोपेच्ना, वय वर्षे ब्याऐंशी, राहणार ओलोमौत्स, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गळ घातलेली नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात एक गोष्ट खोटी होती.

१. राहते घर व त्यातील सर्व सामान माझा भाचा ओताकर यास द्यावे. तो दर रविवारी येऊन माझ्या औषधांचा डबा भरतो आणि भरता भरता रागावतो. तो हक्क त्याने कमावला आहे.

२. माझे कुंचले, रंग व कागद गावातील चित्रकला शाळेस द्यावेत. कुंचले जवळपास नवे आहेत. त्यावरून कोणी माझ्या नीटनेटकेपणाचे कौतुक करू नये.

३. मी ज्या प्रकाशनसंस्थेत होते तिथले मुख्य संपादक श्री. वोंद्रा आता हयात नाहीत, तरी नोंद करते. माझ्या नावाच्या पुस्तकातल्या गोगलगाईचा करडा शंख त्यांनी लाल करायला लावला. मुलांना करडे आवडत नाही म्हणाले. मुलांना विचारले मात्र नव्हते. हा राग मी इतकी वर्षे जपला, कारण त्यांच्यावर चिडले की स्वतःकडे बघावे लागत नसे. नव्या आवृत्तीत शंख करडा करावा.

४. आता ते पुस्तक. एक गोगलगाय संध्याकाळी निघते आणि बागेतल्या एकेकाला ‘नीज आता’ सांगत जाते. बेडकाला, झारीला, वाळत घातलेल्या मोज्यांना. शेवटी ती एका छोट्या मुलीच्या खिडकीशी पोचते, तोवर मुलगी झोपलेली असते. या देशातली दोन पिढ्यांची मुले या पुस्तकावर झोपली. त्यावर माझे नाव आहे. त्यातली एक रेघही माझी नाही.

ते हेदविका शेब्कोवाने लिहिले, चित्रेही तिनेच काढली. आम्ही चित्रकला महाविद्यालयात एका बाकावर होतो. १९६८ साली देशात परके रणगाडे आले ते बरेच झाले, अशा मजकुराच्या सरकारी कागदावर तिने सही केली नाही. मी केली. तिची सगळी कामे बंद झाली आणि ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुऊ लागली. तिथून आल्यावर तिने आपल्या लहान मुलीला, रादकाला झोपवण्यासाठी हे पुस्तक काढले. १९७२ च्या हिवाळ्यात ती उशीच्या अभ्र्यात घालून चौदा पाने घेऊन आली आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली.

“तुझं नाव घाल,” ती म्हणाली. “माझं बघितलं तर उघडणारसुद्धा नाहीत. दिवस पालटले की परत दे.”

“देईन की गं,” मी म्हणाले.

मानधन तिला पोचवत राहिले. पैशात मी चोख होते. १९८४ साली ती फुप्फुसाच्या आजाराने गेली. पाच वर्षांनी ती राजवट कोसळली, दिवस पालटले. त्याच वर्षी एका वार्ताहराने विचारले, ही बाग तुम्हाला कुठे सापडली? खरे सांगण्याची वेळ ती होती. मी म्हणाले, माझ्या आजोळी. पुढे दर मुलाखतीत ती बाग वाढत गेली. त्यात विहीर आली, नाशपातीचे झाड आले. माझे आजोळ चौथ्या मजल्यावर होते. खिडकीत एक कुंडी होती.

लोकांनी आणखी पुस्तके मागितली. मी सहा काढली. हात थकला, असे समीक्षक सौजन्याने लिहीत.

१९९६ साली वाचनालयात मी सह्या देत होते. रांगेत एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. जवळ आल्यावर ओळखले, हेदविकाचेच कपाळ. रादकाने पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवले.

“मावशी, हिच्या नावानं काहीतरी लिहा,” ती म्हणाली. “जे लिहावंसं वाटेल ते.”

तिला सगळे ठाऊक होते. तिने मला पेन दिले, जागा दिली, आणि माझ्या हाताकडे बघत उभी राहिली. मी लिहिले, ‘लेखिकेकडून सप्रेम’. तिने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, पुस्तक मिटले, आभार मानले आणि गेली. नंतर तेवीस वर्षे आमची भेट नाही.

म्हणून असे ठरवते: पुस्तकाचे सर्व हक्क व मूळ चौदा पाने रादका शेब्कोवा हिची. पाने कपाटात हिवाळी पांघरुणांखाली, त्याच अभ्र्यात आहेत. प्रत्येक पानामागे हेदविकाची आद्याक्षरे आहेत. ती खोडायला मी दोनदा रबर घेऊन बसले होते, हेही लिहून ठेवते. यापुढे मुखपृष्ठावर तिचेच नाव असावे, माझे कुठेही नसावे.

५. पुरवणी, वरील मजकुरानंतर नऊ दिवसांनी.

वरील कलमे वाचायला मी रादकाला बोलावले. तिने उभ्यानेच वाचली. मी रडू लागले, ते तिने संपू दिले.

“म्हणजे तुम्ही गेल्यावर,” ती म्हणाली. “तोंड दाखवायला तुम्ही नसाल तेव्हा.”

मी म्हणाले, तुला राग असणारच.

“आहे. मी माफबिफ केलेलं नाही, मावशी. गुरुवारी वाचनालयात बालवाडीची मुलं येतात ना? त्यांना सांगा. मी मागे उभी राहते.”

काल सांगितले. जमिनीवर वीसेक मुले बसली होती, भिंतीशी त्यांच्या आया. हे पुस्तक मी काढलेले नाही, माझ्या मैत्रिणीने काढले, आणि ती गोष्ट मी सगळ्यांपासून लपवली, असे मी म्हणाले. आयांनी एकमेकींकडे पाहिले. पुढे बसलेल्या एका मुलीने विचारले, “मग तू काय केलंस?”

“मी त्याच्यावर माझं नाव लिहिलं.”

तिने थोडा विचार केला. “नाव तर मलापण लिहिता येतं,” ती म्हणाली.

मग रादकाने माझ्या हातातून पुस्तक घेतले आणि पहिल्या पानापासून वाचू लागली.

हे सर्व मी वाचून, समजून सही केली. रादका लाभार्थी असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही.

मिलादा कोपेच्ना

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना समक्ष पाहिले:
सिल्वा मारेशोवा, ग्रंथपाल
अलोइस बेरान, शेजारी, दुसरा मजला

ओलोमौत्स, शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०१९