हँडब्रेकच्या रकान्यातली सही

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं होतं. पण आईनं लावलेली सवय, जाता जात नाही.

शिवणकामवाल्या काकूंची गाडी सोमवारी ओढून माझ्या गॅरेजात आणली. ती का घरंगळली, याचा लेखी अहवाल विमावाल्यांना हवा होता. प्रकरण तुला ठाऊक आहेच. काकूंनी घरासमोरच्या उतारावर गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि डिकीतलं कापड काढायला उतरल्या. त्यांचे यजमान पुढे फाटक उघडत होते. गाडीनं त्यांना फाटकाशी चेपलं. गुडघ्याचा चुरा झाला.

मी आधी आत बसून हँडब्रेक ओढून पाहिला. चार खटक्यांत घट्ट. मनात म्हटलं, म्हणजे काकू विसरल्याच. मग मागची चाकं जॅकवर उचलली आणि हँडब्रेक तसाच ओढलेला ठेवून हातानं फिरवली. भिंगरीसारखी फिरली रे, दोन्ही! उजवीकडची केबल तिच्या नळीत गंजून चिकटली होती. हाताला घट्ट लागत होतं ते त्या गंजामुळे, ओढ चाकापर्यंत पोचतच नव्हती. डावीकडचा ड्रम काढला तर आतून काळा, बुळबुळीत गाळ माझ्या मनगटावर ओघळला. कित्येक महिने ब्रेक ऑइल आत गळत होतं आणि ब्रेकशूची भुकटी त्यात कालवली गेली होती, म्हणून ब्रेक चाकाला धरतच नव्हता. त्या वासानं मला बाहेर जाऊन थुंकावं लागलं. तीनदा साबण लावला, तरी जेवताना बोटांना तोच वास. ताट सरकवून उठले.

बाबा शिकवायचे ते आठवतं का? हाताला काय लागतं त्यावर जाऊ नका, चाक फिरवून बघा. आपण दोघं एकाच वेळी शिकलो. मी हळू शिकायचे, तू झटपट. तुझा किती अभिमान होता मला. गाड्यांच्या तपासणी केंद्रात तुला नोकरी लागली तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटले होते.

गाडीच्या कप्प्यात तपासणीचा कागद सापडला. पाच आठवड्यांपूर्वीचा. हँडब्रेकच्या रकान्यात 'ठीक', आणि खाली तुझी सही. तू चाक उचललंच नव्हतंस. जॅक टेकतो त्या जागेवर जुन्या चिखलाची खपली जशीच्या तशी होती. जॅक लावण्याआधी मी ती स्वतः खरवडली.

घाईत चूक झाली असती तर मी तुझ्या वतीनं काकूंचे पाय धरले असते. पण तू दवाखान्यात गेलास, काकूंच्या शेजारी बसलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "अर्धवट ओढला असेल काकू, बायकांचं होतं असं." त्यांनी मान खाली घातली. नणंद त्यांच्याशी बोलत नाही. यजमान घरी आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडतात. आणि मंगळवारी तू मला फोन करून सांगतोस, "चालकाची चूक असं लिहून टाक, कोण बघायला येतंय!" शेण खाल्लंस ते खाल्लंस, वर तोंड त्या बाईच्या पदराला पुसलंस. ड्रममधली घाण साबणानं गेली तरी. तुझा आवाज कानातून जात नाही.

अहवाल आज सकाळी दिला, फोटोंसकट. तिथून तशीच काकूंकडे गेले. सांगितलं, तुम्ही ब्रेक नीट ओढला होता.  त्या आतल्या खोलीकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "ऐकलंत का? मी ओढला होता!" आतून खाट करकरली. मग त्यांनी मला विचारलं, गाडी तपासली कोणी? तुझं नाव घेतलं नाही मी. म्हटलं, तो स्वतः येऊन सांगेल. अहवालाची प्रत त्यांच्या हाती शुक्रवारी पडेल. म्हणून हे पत्र हातोहात पाठवतेय. गुरुवारी जा. एकटा जा, आणि आधी त्या खाटेपाशी जा. नाही गेलास, तर शुक्रवारनंतर माझ्या दारात येऊ नकोस.

अजून तरी तुझीच,
छोटी