रोमची गोल समाधी आणि काकांचं नाशिक

बाबा, तुमच्या नाशिकबद्दल माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली ती रोममुळे. सध्या मी इथे अमेरिकेतच, मॉरिसव्हिलला तुमच्या धाकट्या भावाकडे, काकांकडे राहतेय. कॉलेज सोडल्यापासून असंच चाललंय, कधी इथे, कधी तिथे. तुम्ही असतात तर ओरडला असतात. अजून डोळ्यांपुढे येतं: नोव्हायच्या आपल्या घरातल्या त्या किचनमध्ये मी चित्र अर्धवट टाकून उठते आणि तुम्ही उलथणं हातात घेऊन म्हणता, एक तरी काम पुरं कर. असो. काका-काकू इटली फिरून आले आणि टीव्हीवर फोटो दाखवत होते. एका बादशहानं घरच्यांच्या अस्थींसाठी बांधलेली गोल समाधी. पुढे तिचा किल्ला झाला, मग द्राक्षमळा, मग बैलांच्या झुंजी, नंतर गाण्याच्या मैफली. त्या घरातल्या एका बाईच्या अस्थी ठेवलेल्या दगडात तर लोक धान्य मोजायचे. काका रंगात आले होते. मी सहज विचारलं, मग अस्थी गेल्या कुठे? काका पुढच्या फोटोवर गेले. काकू वरण गरम करायला उठली, आणि वरण तर गरमच होतं.

तुमच्या अस्थी काकांनीच नाशिकला नेल्या, असं आई सांगते. पण काका पार्किंग लॉटचेही फोटो काढतात, आणि नाशिकचा एकही फोटो मी पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत विचारलंच.

"काका, तुम्ही नाशिकला गेला होतात ना?"

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. "तिकडे गेल्यावर व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं असतं तर अमेरिकेत परत येता आलं नसतं गं. नोकरी गेली असती. गुरुजींना फोनवर घेतलं, स्पीकर लावला आणि इथल्या लेकमध्ये, तळ्यात, अस्थी सोडल्या. शेवटी पाणीच ना."

हे उत्तर त्यांनी बरीच वर्षं तयार ठेवलं असावं. आता तर त्या लेकची गोष्टही खरी की नाही, असं वाटत राहतं.

आई पुढच्या आठवड्यात नाशिकला निघालीय, पहिल्यांदाच, तुमच्या नावानं गोदावरीत दिवा सोडायला. काल फोनवर म्हणाली, "चल की, तुला तरी कुठे काम आहे?" काका शेजारी बसून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "तू जा. बाबांना माझाही नमस्कार सांग."

तुम्हाला लिहिलेलं हे सगळं माझ्या फोनमध्येच राहील, आईपर्यंत जाणार नाही. ते लेक इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे, बाबा. मी अजून गेलेले नाही.