बॅटरीचे अठ्ठ्याऐंशी रुपये

२ ऑक्टोबर १९४६, गोंदिया

नागपूरहून मोटारीच्या बॅटरीचा भाव आला. अठ्ठ्याऐंशी! आषाढात चौसष्ट होता. तेव्हा दादा दोनदा म्हणाला होता, "गोवर्धन, बॅटरी पार बसली रे. नवी घेऊन टाक." मी काय म्हणालो? "हँडल आहे ना? हँडलनं चालू होते ना? मग!"

मोटारीपुढे उभं राहून हँडल मारतानाच दादा गेला. उद्या महिना होईल.

आता बॅटरी घ्यावीच लागते. आमगावचा ठेकेदार मोटार घ्यायला तयार आहे, पण बटण दाबून सुरू झाली तरच. आणि प्रेमिलावहिनीला ती गाडी दारात नको. दादाच्या मागं ती गाडीकडे एकदाही पाहत नाही. विहिरीवर जाते ती पाठ करून.

४ ऑक्टोबर

बाजारात मला पाहून दोघं गप्प झाले. ऐकायचं ते ऐकलंच होतं — "चौसष्ट रुपयांपायी भाऊ घालवला याने." कंजूस म्हणा! कंजूस म्हटलेलं मला चालतं. बरंच वाटतं उलट.

८ ऑक्टोबर, नागपूर

बॅटरी अठ्ठ्याऐंशी. तेजाब भरून चार्ज करायचे सहा वेगळे, वर दोन दिवस थांबायचं. तारा आणि चिमटे तीन रुपये, जुने गंजले आहेत. दुकानदार म्हणाला, "पुरानी दे दो सेठ, पाँच कम कर दूँगा." जुनी आणलीच नाही. तिला हात लावायचा धीर होत नाही, हे त्याला कसं सांगू? पाच रुपये सोडले. मी! दादा असता तर हसून लोटपोट झाला असता.

धर्मशाळेत उतरलो आहे. सकाळी कोणीतरी हातपंप मारत होतं. हँडलसारखंच खर्र — खर्र — मी अंथरुणातून उठून दारापर्यंत धावलो. ओरडलोही असेन. शेजारचा म्हातारा बघत राहिला.

१० ऑक्टोबर

बॅटरी घरी आणली. रेल्वेत सारा वेळ मांडीशी धरून बसलो, तेजाब सांडू नये म्हणून. तरी धोतराला भोक पडलंच. बसवून द्यायचे मिस्त्री दोन रुपये घेतो, पण तो तापानं पडला आहे.

वहिनी बाहेर आली. बराच वेळ पाहिलं तिनं. "एवढुसाच डबा, भाऊजी?" म्हणाली. मी डबा खाली ठेवला. मग तीच म्हणाली, "तुमचा दोष नाही. बॅटरी नव्हती तरी हँडलनं माणूस मरत नाही. गाडी गिअरमध्ये सोडली त्या दुधरामनं! मेल्याचं वाटोळं होवो!"

सगळे हेच म्हणतात. दुधराम आमचा सहा वर्षांचा ड्रायव्हर. आदल्या संध्याकाळी दवनीवाड्याहून गाडी आणून पडवीत त्यानंच लावली. सकाळी दादानं हँडल मारलं. गाडी गिअरमध्ये होती, इंजिन लागलं तशी उसळली. दादा गाडी आणि गोदामाच्या भिंतीच्या मध्ये होता.

दुधरामला त्याच दिवशी हाकललं. "मी न्यूट्रल केली होती, मालक," एवढंच म्हणत होता. त्याला आता कोणी गाडीवर ठेवत नाही. मजुरीनं लोकांच्या बांधीत धान कापायला जातो म्हणे.

११ ऑक्टोबर

इथे तरी लिहितो. इथे कोण वाचतं?

त्या संध्याकाळी दिवेलागणीला पाऊस तिरपा येत होता. मागची सीट भिजत होती. दुधराम घरी गेला होता. मी चाकामागचा दगड काढला, गाडी खांद्यानं हातभर आत लोटली. पडवीला मागं उतार आहे, गाडी परत येऊ लागली. मी आत हात घालून गिअर टाकला. गाडी थांबली. मग दगड लावला. मग हाक आली, जेवायला चला.

गिअर काढायचा राहिला.

आमच्या घरात रीत दादानंच घातली होती — चाकामागं दगड दिसला की गाडी न्यूट्रल. दगड आणि गिअर दोन्ही कधी नाही. म्हणून दादा दगड पाहायचा आणि सरळ हँडलला हात घालायचा. त्या सकाळीही त्यानं दगड पाहिला असेल. पाहिलाच असेल!

गाडी मी सोडली होती गिअरमध्ये. मी.

१३ ऑक्टोबर

दुधराम आला! बॅटरी पडून आहे हे त्याला बाजारात कळलं. वाळला आहे. वहिनीनं धाडकन दार लावून घेतलं. नट काढायचे पाने मागून तो गाडीशी खाली बसला. जुनी काढली, तिच्या खालची फळी धुतली, नवी बसवली, चिमटे आवळले. "दाबा मालक," म्हणाला. मी म्हणालो, आधी न्यूट्रल पाहा. त्यानं दांडा तीनदा हलवून पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी पायानं बटण दाबलं. घुर्र — लागली. एवढंच! पायाच्या अंगठ्याचं काम. मला रडू फुटलं.

मी दोन रुपये पुढे केले. त्यानं हात मागं घेतला. "मजुरी कायची घेऊ मालक? मोठ्या मालकाचा जीव माह्या हातून गेला."

मी म्हणालो, तू तर न्यूट्रल केली म्हणत होतास!

"म्हनत होतो. मंग खूप इचार केला. एवढे सारे लोक म्हनून रायले, तं खोटं कायले म्हनतीन? माह्याच हातून रायलं असन. आता तं मले दिसते बी, मी गिअर तसाच सोडून उतरून रायलो." प्रतापगडच्या दर्ग्याला पायी जाऊन माफी मागून आला म्हणे.

मला तिथेच बोलायला हवं होतं. दोन रुपये परत कनवटीला खोचले. तो निघून गेला.

१४ ऑक्टोबर

ठेकेदार परवा गाडी न्यायला येतो. गाडी जायच्या आत बोलायचं. एकदा गेली की मी जन्मात बोलणार नाही, मी मला ओळखतो. दुधरामला उद्या बोलावलं आहे.

१५ ऑक्टोबर

सांगितलं. दोघांसमोर, पाऊस, खांदा, गिअर, सगळं.

दुधरामनं माझे पाय धरले. "मालक, गरिबासाठी एवढं खोटं कोन बोलते!" वहिनीनं डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "यांचाच भाऊ शोभता तुम्ही." मी शपथ घातली, ओरडलो, भिंतीवर हात आपटला — दोघंही माझीच समजूत घालू लागले!

मग वहिनीनं त्याला चहा दिला. त्याला माफ केलं. माझ्यासमोर.